बातमी खेळायला द्यायची असेल तर: पहिल्यांदाच न्यूजगेम करणाऱ्यांसाठी

बातमीवर गेम करू या म्हटलं की डेस्कवरची निम्मी माणसं हसतात आणि उरलेली ‘अ‍ॅपला किती खर्च येईल’ विचारतात. हसणाऱ्यांना वाटतं हा पोरखेळ आहे. खर्च विचारणाऱ्यांना वाटतं हे काम सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे. प्रत्यक्षात न्यूजगेमसाठी एक जुना लॅपटॉप पुरतो, कोडिंग जुजबी लागतं आणि बातमीदारी नेहमीपेक्षा दुप्पट लागते. जिल्हा आवृत्तीतले वार्ताहर, पत्रकारितेचे विद्यार्थी आणि स्वतःचं छोटं पोर्टल चालवणारे यांना डोळ्यांसमोर ठेवून खालचे टप्पे लिहिले आहेत.

न्यूजगेम म्हणजे काय, हे दोन उदाहरणांवरून कळेल. उरुग्वेच्या गोन्झालो फ्रास्का यांनी २००३ मध्ये ‘सप्टेंबर ट्वेल्व्थ’ नावाचा छोटा खेळ केला. पडद्यावर मध्यपूर्वेतलं गाव, त्यात साधी माणसं आणि दहशतवादी मिसळून फिरताहेत. तुमच्या हातात फक्त क्षेपणास्त्र. बटण दाबल्यावर ते पडायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात माणसं हललेली असतात आणि भलतेच मरतात. मेलेल्यांभोवती रडणारे काही जण उठतात तेव्हा दहशतवादी झालेले असतात. जिंकायची सोयच नाही. युद्धाविरुद्धचा अग्रलेख एका वाक्याशिवाय लिहून झाला.

दुसरं उदाहरण २०१७ चं. ‘फायनान्शियल टाइम्स’ने उबर चालकांच्या मुलाखती घेऊन ‘द उबर गेम’ केला. तुम्ही चालक, पदरात दोन मुलं, घराच्या हप्त्यासाठी आठवड्यात एक हजार डॉलर जमवायचे. मुलाचा अभ्यास घ्यायचा की आणखी चार फेऱ्या मारायच्या, असे प्रश्न येत राहतात. शेवटी गाडीभाडं, पेट्रोल वजा होऊन हातात काय उरलं ते दिसतं.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. लेखात तुमचं म्हणणं वाक्यांत असतं, खेळात ते नियमांत असतं. ‘क्षेपणास्त्र उशिरा पडतं’ हा नियम, ‘पेट्रोल तुमच्या खिशातून’ हा नियम. म्हणून नियम ही बातमी समजा आणि बातमीला लावता तेवढीच कसोटी त्याला लावा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच विषय शेवटपर्यंत धरतो: उन्हाळ कांदा. नाशिक जिल्ह्यातला शेतकरी, चैत्रात काढणी झालेली, कांदा साठवायची चाळ भरलेली. विकायचा कधी?

१. ही बातमी खेळाची आहे का, ते आधी बघा

बहुतेक बातम्या खेळाच्या नसतात. स्वतःला एवढंच विचारा: बातमीतल्या माणसापुढे खरोखर पर्याय होते का, आणि प्रत्येक पर्यायाची काही किंमत होती का? कांदा आज विकला तर भाव पडलेला, चाळीत ठेवला तर सडतो आणि वजन घटतं, उधारीवाला दारात उभा. इथे खेळ आहे. बस दरीत कोसळली, इमारत पडली, खून झाला, इथे खेळ नाही. घटना सांगायची असते, व्यवस्था खेळायला देता येते.

मृत्यूच्या बाबतीत हात आखडता घ्या. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर झालेल्या गोळीबाराचा खेळ २००४ मध्ये निघाला होता, खेळणाराच बंदूकधारी. त्यावर टीकेची झोड उठली आणि ती रास्त होती. त्याच वर्षी माद्रिदच्या रेल्वेतल्या बॉम्बस्फोटांनंतर फ्रास्कांनी लगोलग दुसरा खेळ केला. त्यात लोक मेणबत्त्या घेऊन उभे आहेत, ज्योती मंद होत जातात, तुम्ही क्लिक करून त्या उजळत ठेवायच्या. बस, एवढंच. विषय तोच, पण एकात माणूस लक्ष्य झाला आणि दुसऱ्यात खेळणारा शोक करणाऱ्यांत सामील झाला.

शेतकरी आत्महत्या हा कोणत्याही खेळाचा ‘शेवट क्रमांक तीन’ होता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. संपादकाने आग्रह धरला तरी नाही म्हणा.

बीबीसीने २०१५ मध्ये सीरियातून पळणाऱ्या कुटुंबाचा मार्ग वाचकाला निवडायला लावला, तेव्हा ब्रिटनमधल्या काही वृत्तपत्रांनी ‘दुःखाचा खेळ मांडला’ म्हणून झोडपलं. बीबीसीला बाजू मांडता आली, कारण प्रत्येक वळणामागे खऱ्या निर्वासितांचे अनुभव होते. असा आरोप तुमच्यावरही होणार हे धरूनच चाला.

२. खेळणारा कोण, हे ठरवा

संपादकीय भूमिका इथे ठरते, पुढे काही सजवलं तरी ती बदलत नाही. त्याच कांद्याचे चार खेळ होतात. चाळ भरलेला शेतकरी. लिलावात बोली लावणारा आणि परदेशी ऑर्डर अडकलेला व्यापारी. उक्त्याने लागवड करणारी बाई, जिला भावाशी काही घेणंदेणं नाही, पण काम किती दिवस मिळतं याच्याशी आहे. आणि महागाईचे आकडे व निवडणुकीची तारीख समोर ठेवून निर्यातीवर निर्णय घेणारा दिल्लीतला मंत्री.

नवखे लोक ‘चौघंही घेऊ’ म्हणतात. घेऊ नका. एकच भूमिका घ्या आणि बाकीचे तिघं तिच्या नजरेतून दिसू द्या. माझा कल बहुतेकदा ज्याच्या हातात सर्वांत कमी आहे त्याच्याकडे असतो, पण मंत्र्याच्या खुर्चीत बसवलेला खेळ जास्त बोचरा होईल असंही वाटतं. तो अजून कुणी मराठीत केलेला माझ्या पाहण्यात नाही. करणाऱ्याने जरूर करावा.

३. नियमांची वही घाला

कॉम्प्युटर उघडण्याआधी एक शीट तयार करा, गूगल शीट चालेल. रकाने असे: नियम, आकडा, कोणी सांगितलं, कागद कोणता, दुसरा दुजोरा, तारीख. खेळात दिसणारा प्रत्येक आकडा या शीटमधून आलेला पाहिजे. शीटमध्ये नाही तो खेळात नाही.

कांद्यासाठी लागणारी कागदपत्रं:

- बाजार समितीचे रोजचे आवक-भाव. राज्य कृषी पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर मिळतात.
- वेगवेगळ्या महिन्यांतल्या हिशोबपट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर कपाती दाखवून मिळणाऱ्या पावत्या. शेतकरी सहसा पिशवीत जपून ठेवतात, मागितल्या तर दाखवतात. फोटो घेताना नाव-गाव झाका.
- निर्यातीसंबंधीच्या अधिसूचना. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालय लावतं. बंदी आणि किमान निर्यातमूल्य (ज्याच्या खाली माल परदेशी विकता येत नाही तो दर) विदेश व्यापार महासंचालनालयाकडून येतं. दोन्हींची गल्लत करू नका.
- लागवडीचा खर्च: उळे (कांद्याचं बी), खत, फवारणी, मजुरी. कृषी विद्यापीठाचा आकडा आणि शेतकऱ्याचा आकडा, दोन्ही.
- चाळीतली घट. हा आकडा सर्वांत घसरडा आहे. चाळ कशी आहे, पाऊस कधी लागला, यावर तो बदलतो. एकच टक्का न धरता पल्ला धरा.

दोन सापळे इथेच सांगून टाकतो. पहिला भावाचा. बाजारभावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. ‘कांदा पाच हजारांवर’ हे शीर्षक बहुतेक वेळा कमाल दराचं असतं आणि तो एखाद-दुसऱ्या ट्रॉलीलाच मिळालेला असतो. खेळात सर्वसाधारण दर धरा, नाहीतर तुमचा शेतकरी कागदावर श्रीमंत होईल.

दुसरा सापळा कपातीचा. जुन्या पट्टीवर आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून कापलेली दिसेल. राज्यात २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराने द्यायची आहे. हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं मात्र आहेच. हे बारीक रकाने ‘खेळाला जड होतात’ म्हणून गाळायचा मोह होतो. गाळू नका, कधीकधी सगळी गोष्ट त्यांच्यातच असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याला २ रुपयांचा चेक मिळाला, ते आठवा. भाव किलोला एक रुपया होता, म्हणजे रक्कम शून्य नव्हती. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता ती दोन रुपयांवर आली.

आता धोरणाच्या तारखा. २०२३ घेतलं तर असं दिसतं: १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं.

हे जसंच्या तसं खेळात ठेवलं की एक घोळ होतो, आणि तो माझ्या मते या प्रकारातला सर्वांत महत्त्वाचा घोळ आहे. पहिल्यांदा खेळणारा गोंधळतो, ठीक. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला सगळ्या तारखा पाठ असतात. तो बरोबर चढ्या भावाच्या महिन्यापर्यंत थांबतो, भरपूर कमावतो आणि मनात म्हणतो, ‘यात काय एवढं? थांबायचं होतं ना.’ तुम्ही सांगायला गेलात अनिश्चितता आणि तो शिकला की शेतकऱ्याला अक्कल नाही. खेळ उलटला.

तोडगा असा: वर्ष लपवा. २०१९ मध्ये निर्यातबंदी २९ सप्टेंबरला आली, २०२० मध्ये १४ सप्टेंबरला, २०२३ मध्ये थेट डिसेंबरात. बंदी न आलेलं एखादं वर्षही घ्या. दर वेळी खेळ सुरू होताना यातलं एक वर्ष गुपचूप निवडलं जाऊ दे आणि कोणतं ते शेवटी उघड करा. भाव खरे, तारखा खऱ्या, तरी खेळणाऱ्याला पुढचं दिसत नाही. शेतकऱ्यालाही दिसत नव्हतं. फासे टाकून मनाने बंदी आणण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, कारण इथे प्रत्येक धक्का अधिसूचनेत सापडतो.

जिंकण्याचंही याच वेळी ठरवा. कोणीच जिंकू शकत नसेल तर ते सिद्ध करणारी बातमीदारी हवी. सगळेच जिंकत असतील तर बातमीच नाही.

४. आधी कागदावर खेळा

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते करा. एका गठ्ठ्यात महिने, दुसऱ्यात बातम्या, क्विंटलसाठी चिंचोके, पैशांसाठी ‘व्यापार’ या खेळातल्या नोटा. सहकाऱ्याला समोर बसवा आणि तुम्ही स्वतः कॉम्प्युटर व्हा: तो निवड सांगेल, तुम्ही चिंचोके काढून घ्याल. वीस मिनिटांत कळतं की पाच महिने कंटाळवाणे आहेत आणि दोनच खरे आहेत. मधले महिने एकत्र करा.

कंटाळा मुद्दाम ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यांवर ‘प्रोपब्लिका’ने २०१८ मध्ये ‘द वेटिंग गेम’ केला. त्यात दिवसामागून दिवस फक्त ‘थांबत राहा’ किंवा ‘सोडून द्या’ एवढंच निवडायचं असतं. कंटाळा हाच तिथला नियम आहे.

संपादकाची मंजुरीही याच टप्प्यावर घ्या. पॉवरपॉइंट दाखवलंत तर तो खर्च विचारेल. पत्ते मांडून खेळायला बसवलंत तर तो हरेल आणि मग स्वतःच विषयात शिरेल.

५. साधनं

- ट्वाइन. फुकट, ब्राउझरमध्येही चालतं. मजकूर आणि पर्यायांचा खेळ करायला पहिली निवड. शेवटी एकच एचटीएमएल फाइल मिळते.
- इंक. हेही फुकट. ‘द उबर गेम’ यातच लिहिला होता. लेखकाला आवडेल असं आहे, पण वेबवर चढवताना तंत्र जाणणारा सोबतीला हवा.
- गोडो. हालचाल, चित्रं, नकाशे हवे असतील तर. देवनागरीसाठी चौथी आवृत्ती किंवा पुढचीच घ्या. तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटतात, ‘ि’ भलतीकडे जाऊन बसते.
- बिट्सी. गोंडस आहे, शिकायला सोपं आहे, पण मराठी मजकुरासाठी नाही.
- इच डॉट आयओ. खेळ चढवायची फुकट जागा. झिपमधल्या मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’च ठेवावं लागतं.
- फॉन्ट. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. दोन्ही मुक्त परवान्याचे.

पहिल्या खेळाला ट्वाइनच घ्या. ब्राउझर मराठी नीट दाखवतो आणि ट्वाइनचं सगळं ब्राउझरवरच चालतं. चकचकीत इंजिनात जोडाक्षरांशी झगडण्यात आठवडा घालवण्यापेक्षा तो आठवडा बाजार समितीत घालवा.

६. ट्वाइनमध्ये बांधणी

ट्वाइनमध्ये प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन, त्याला पॅसेज म्हणतात. दुहेरी चौकोनी कंसात पर्याय लिहिला की पुढचा चौकोन आपोआप तयार होतो आणि बाण जोडला जातो. एवढ्यावर साधी गोष्ट होते. कांद्याला आणखी तीन राशी लागतात: हातातले पैसे, चाळीतले क्विंटल आणि महिना. या राशींना ट्वाइन व्हेरिएबल म्हणतं. त्यांची नावं रोमन अक्षरांतच ठेवा, खेळणाऱ्याला ती दिसत नाहीत.

एक पॅसेज असा होईल:

*जून. पहिला पाऊस तिरपा लागला. चाळीचा वाऱ्याकडचा कांदा ठीक आहे, मधल्या थरातून वास येतोय. खत दुकानदाराचा निरोप सकाळीच आला.*
*— निम्मा कांदा लासलगावला न्या.*
*— चाळ उपसून, निवडून पुन्हा भरा. मजुरी रोख द्यावी लागेल.*
*— राहू द्या.*

प्रत्येक पर्यायामागे वहीतला नियम: पहिल्यात त्या महिन्याचा सर्वसाधारण दर गुणिले क्विंटल, वजा कपाती. दुसऱ्यात मजुरी जाते आणि पुढची घट कमी होते. तिसऱ्यात काही जात नाही, पण पुढच्या महिन्याची घट पल्ल्याच्या वरच्या टोकाला जाते.

इथले सापळे:

ब्राउझरमधल्या ट्वाइनमध्ये केलेलं काम त्या ब्राउझरच्या पोटातच राहतं. कुणी हिस्टरी-डेटा साफ केला की सगळं गेलं. ऑफिसच्या सामाईक कॉम्प्युटरवर हे हमखास होतं. डेस्कटॉप आवृत्ती घ्या, किंवा रोज संध्याकाळी फाइल उतरवून स्वतःला मेल करा.

डेस्कवरचा मजकूर श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये फिरवून घ्या आणि फिरवल्यावर र-फार, ‘ऱ्य’, अनुस्वार डोळ्यांनी तपासा. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द हटकून बिघडतो.

सजावट करताना अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते.

हिशोबातून आलेले आकडे पडद्यावर रोमन अंकांत उमटतात, मजकुरातले देवनागरीत. मराठी अंक आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम लावायची सोय ब्राउझरमध्येच आहे. जावास्क्रिप्ट येणाऱ्या मित्राला सांगा, त्याला दहा मिनिटंही लागणार नाहीत.

७. मजकूर लिहिताना

बातमीची भाषा इथे चालत नाही. ‘कांदा उत्पादक शेतकरी हवालदिल’ हे वाक्य खेळात मेलेलं असतं, कारण हवालदिल व्हायचं आहे ते खेळणाऱ्याला. त्याला पट्टी दाखवा, विशेषणं नकोत.

खेळणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणा. ‘मी बाजारात जातो’ लिहिलं की खेळणारी बाई बाहेर पडली. ‘तू गेलास’मध्येही तेच. ‘तुम्ही गेलात, तुम्ही विकलात’ दोघांनाही लागू पडतं.

त्या भागातले शब्द ठेवा. गोल्टी, उळे, रांगडा, लिलाव, वाराई. मुंबई-पुण्याच्या वाचकासाठी शब्दावर बोट ठेवताच अर्थ दिसेल अशी सोय करता येते. शब्दच बदलून ‘लहान आकाराचा कांदा’ केलंत तर निफाडचा वाचक हसेल आणि विश्वासही ठेवणार नाही.

लांबी: सात-आठ मिनिटांत एक डाव संपला पाहिजे. एका पडद्यावर साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त नको.

८. चाचणी: तीन माणसं आणि तुमचं तोंड बंद

एक विषय जाणणारा, एक अजिबात न जाणणारा आणि एक तुमच्या खेळावर चिडण्याची शक्यता असलेला. आपल्या उदाहरणात शेतकरी, शहरातली कॉलेजची मुलगी आणि कांदा व्यापारी. समोर फोन द्या आणि गप्प बसा. ‘इथे दाबा’ असं सांगावंसं वाटलं की तिथे तुमचा पडदा नीट नाही, हे लिहून घ्या.

जाणकार माणूस फार पटकन पकडतो. कांद्याच्या अशाच एका कच्च्या खेळात लागवड करणाऱ्या एका काकांनी दुसऱ्याच पडद्यावर फोन खाली ठेवला. ‘सगळा माल एकाच भावानं कसा गेला? गोल्टीचं काय? ती निवडून वेगळी नाही का लावायची?’ मग त्यांनीच सांगितलं की चाळ फोडताना मोठा माल, गोल्टी आणि खाद (खराब माल) असे तीन ढीग होतात आणि तिघांचा हिशोब वेगळा. तेवढ्या एका वाक्यावर खेळाचा हिशोब नव्याने मांडला गेला, आणि खेळाला वजनही त्यानंतरच आलं.

व्यापाऱ्याला मुद्दाम बोलवा. तो सांगेल की निर्यातबंदीच्या दिवशी बंदरावर त्याचे कंटेनर अडकलेले होते. ते खेळात घालायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण त्याची बाजू छापण्याआधी ऐकलेली असणं हा पत्रकारितेचा साधा नियम आहे आणि तो खेळालाही लागतो.

फोन स्वस्तातला आणि जुना वापरा, शक्य तर बाहेर उन्हात. एअरकंडिशन्ड ऑफिसात सुंदर दिसलेला फिकट करडा मजकूर शेताच्या बांधावर दिसतच नाही.

९. प्रसिद्ध करण्याआधीची यादी

खेळाच्या पहिल्या पडद्यावर किंवा निदान शेवटी एवढं असलंच पाहिजे: पात्र काल्पनिक आहे की अनेकांच्या अनुभवांतून जोडलेलं आहे, आकडे कोणत्या बाजार समितीचे, कोणत्या काळातले, काय सोपं केलं आणि काय गाळलं, चूक दिसली तर कुठे कळवायचं. नियमांची वही वाचकांसाठी खुली ठेवता आली तर उत्तम. टीकाकाराला त्यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

खऱ्या व्यापाऱ्याचं, आडत्याचं, पुढाऱ्याचं नाव खेळातल्या खलपात्राला देऊ नका. नाव न देता ओळखू येईल असं वर्णनही नको. बदनामीचा कायदा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, तुम्ही लेख लिहिला की खेळ केला हे बघत नाही. सरकारी निर्णय तारखेसह नावानिशी द्यायला मात्र कचरू नका, ती नोंद सार्वजनिक आहे.

खेळणाऱ्याचं नाव, नंबर, गाव गोळा करू नका. ‘इतक्या टक्के खेळणाऱ्यांनी कांदा लगेच विकला’ असा आकडा दाखवायचा असेल तर दाखवा, पण त्याला सर्वेक्षण म्हणू नका आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी बातमी तर मुळीच करू नका.

१०. कुठे ठेवायचा, आणि नंतर काय

वेबवरच ठेवा. अ‍ॅप स्टोअरच्या वाटेला जाऊ नका. सीरियातल्या यादवीवर ‘एंडगेम: सीरिया’ नावाचा खेळ निघाला होता. तो २०१३ च्या सुरुवातीला ॲपलने नाकारला, कारण त्यांच्या नियमानुसार खेळातला शत्रू एखादं खरं सरकार असू शकत नव्हतं. तुमच्या खेळात केंद्र सरकारची अधिसूचना असेल, तर परवानगी दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायची?

फाइल हलकी ठेवा. आवाज नको, चित्रं मोजकी आणि दाबून लहान केलेली. बहुतेक लोक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्यावरून येतील, आणि गोल फिरणारं चक्र दिसलं की परत जातील. दुव्यासोबत एकच प्रश्न पाठवा: ‘शंभर क्विंटल कांदा चाळीत आहे. आज विकाल?’ शब्दांचा फुलोरा नको.

खेळासोबत एक साधा लेखही द्या, ज्याला खेळायचं नाही त्याच्यासाठी. आणि खेळ संपल्यावर त्या लेखाचा दुवा असू द्या. खेळ प्रश्न पेटवतो, पण शुल्क आणि किमान मूल्य यांतला फरक समजावायला परिच्छेदच लागतो.

टिकाऊपणाचाही विचार आत्ताच करा. पहिल्या पिढीतले कितीतरी न्यूजगेम फ्लॅशमध्ये होते. अडोबीने २०२० संपताना फ्लॅश बंद केलं आणि ते ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. साधी एचटीएमएल फाइल बरीच वर्षं टिकते, पण ती कुणाकडे आहे हे माहीत असेल तरच. प्रसिद्धीच्या दिवशीच एका फोल्डरमध्ये ट्वाइनची मूळ फाइल, छापलेली फाइल, नियमांची वही, पट्ट्यांचे नावं झाकलेले फोटो आणि अधिसूचना ठेवा. तो फोल्डर डेस्कवरच्या दुसऱ्या एका माणसाच्या ताब्यात द्या. धोरण बदललं की खेळातले जुने आकडे बदलत बसू नका. वर तारखेसह ठळक ओळ टाका की हा खेळ अमुक वर्षांच्या नियमांवर आहे. आकडाच चुकलेला असेल तर मात्र दुरुस्त करा आणि काय दुरुस्त केलं ते खेळाच्या पहिल्याच पडद्यावर लिहा. डाव खेळून गेलेला वाचक शेवटच्या पडद्यापर्यंत पुन्हा येत नाही.